आईनं सांगितलेलं खोटं आडनाव

माझ्या आईनं आयुष्यात एकाही अनोळखी माणसाला पहिल्या झटक्यात खरं आडनाव सांगितलं नाही.

काल दुपारी ती गेली.

माणसं ओळखायचं तिचं स्वतःचं एक लॉजिक होतं.
"आधी गाव इचारणारा साधा. आधी जेवलात का म्हणणारा बरा. आधी आडनाव इचारणारा दिसला की बाजूला व्हायचं."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटली तेव्हा ती ताडकळसजवळच्या एका खेड्यात नवी नवरी होती. बाबा सायकलवरून येत होते. चौघांनी अडवलं. आडनाव विचारलं. बाबांनी खरं सांगितलं.
त्यांचा उजवा हात पुढं जन्मभर वाकडाच राहिला.

चौऱ्याण्णवला नामांतर झालं त्या जानेवारीत मी बारा वर्षांची होते. आम्ही दोघी जालन्याहून परभणीला येत होतो. पुढं वातावरण तंग आहे म्हणून बस देवगाव फाट्यावरच थांबवली.
मला सणकून ताप होता. आईनं रस्त्याकडेच्या एका घरी पाणी मागितलं.

म्हातारा तांब्या घेऊन बाहेर आला. थांबला.
"आडनाव काय म्हनायचं, बाई?"

आईनं माझा हात गच्च दाबला.
"देशमुख."

म्हाताऱ्यानं तांब्या मागं घेतला.

आई माझ्या कानात म्हणाली, "वळखलं यानं. चल."

तेवढ्यात त्याची बायको दारात आली.
"राग मानू नका, बाई. आमी जयभीमवाले. आमच्या घरचं पानी तुमाला चालंल का न्हाई, म्हनून इचारलं."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं, आता खरं सांगेल.
नाही सांगितलं. हे खोटं सांगून आपल्याला बोलतं करायलेत, असंच तिला वाटत होतं.

तिनं तांब्या घेतला. मला पाजलं. स्वतः प्यायली.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शेजारणीला हाक मारली. "अगं ये की! देशमुखाची बाई आमच्या तांब्यानं पानी पेली!"

चार बाया जमल्या. आम्हाला भाकरी वाढली. माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. आई मान खाली घालून जेवली.

बस सुटल्यावर एवढंच म्हणाली, "फुकटचं पुण्य घेतलं मी."

ते तिच्या मनातून जाईना. उन्हाळ्यात मला घेऊन ती परत देवगाव फाट्याला गेली. दोघं घरीच होते.

"काका, मी देशमुख न्हाई. तुमच्यातलीच हाय."

म्हातारी ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

म्हाताऱ्यानं आईकडं खालून वर बघितलं.
"मंग आता तरी खरं बोलायलीस कशावरून?"

जगाकडं संशयानं बघायचं काम आजवर तिचं होतं. तिच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

मग तिनं अठ्ठ्याहत्तरचं सगळं सांगितलं. ती सायकल, ते चौघं, बाबांचा हात. म्हातारा ऐकत राहिला. त्यानं चहा ठेवायला सांगितला.

म्हातारी उठलीच नाही.
"मी साऱ्या वस्तीला सांगितलं गं. आता काय सांगू?"

"सांगा, बाई खोटी निघाली म्हनून."

म्हातारीनं सूप परत हातात घेतलं.
"न्हाई सांगायची. त्या दिशी आमाला लय बरं वाटलं व्हतं."

परत येताना आई बसमध्ये रडली. बाबांचा हात मोडला तेव्हाही ती रडली नव्हती, असं आजी सांगायची.

तिचं लॉजिक चूक होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मी स्वतः नवीन माणसाला आधी गावच सांगते.

आई, नीट जा.
जय भीम.