लोड नसताना तापणारं मशीन

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्वप्नाली गेली चौदा वर्षं माल तपासते. ओतलेला लोखंडी भाग टेबलावर आला की ती आधी त्याच्यावरून बोट फिरवते, मग मापं घेते, आणि मग नुसतं 'हं' तरी म्हणते नाहीतर लाल खडूनं फुली मारते. तिच्या फुलीला मालकसुद्धा टरकून असतो. तर अशी ही बाई एक्केचाळिसाव्या वर्षी, डब्यातला दहीभात खाता खाता, एकदम घामानं न्हाऊन निघाली.

फाउंड्रीत घाम येणं ही काय बातमी झाली, असं तुम्ही म्हणाल. पण तपासणीच्या खोलीत एसी आहे. तो माणसांसाठी नव्हे, मोजमापाच्या यंत्रांसाठी. त्यांना उकाडा सोसत नाही. त्या खोलीत बाकीच्या दोघी बारा महिने स्वेटर घालून बसतात. त्यांच्या मधोमध ही लालबुंद होऊन पुठ्ठ्यानं वारा घेत होती. छातीपासून निघालेली धग कानापर्यंत चढली, काळीज धडधडलं, चार मिनिटांनी सगळं ओसरलं आणि तिला थंडी वाजायला लागली. दहीभात तसाच राहिला.

मग एकामागून एक सुरू झालं. पहाटे तीनला झोप मोडायची ती मोडायचीच. भाजीवाल्यानं कोथिंबीर वर टाकली म्हणून तिला रडू फुटलं. भाजीवाला बिचारा पालकही द्यायला निघाला. आणि एक दिवस तर चौदा वर्षं हातात असलेल्या मापाच्या व्हर्नियरचं नावच आठवेना. "ते द्या हो, ते... सरकवायचं," असं तिनं शेजारणीला सांगितलं, तर शेजारणीनं खुर्ची सरकवली.

निकाल मात्र सगळ्यांचा तयार होता. टेन्शन!

हा निकाल पहिल्यांदा दिला तिच्या नवऱ्यानं. अतुलचं शाहूपुरीत विजेच्या सामानाचं दुकान. गिऱ्हाईक बल्ब न्यायला आलं तरी बायकोच्या टेन्शनची हकीकत वायरसकट घेऊन जायचं. सासूबाई तानाबाईंचं मत थोडं वेगळं होतं. "ही अंगातली उष्णता हाय," म्हणून त्यांनी सुनेचा तांबडा रस्सा बंद केला आणि सकाळ-संध्याकाळ सब्जा सुरू केला. महिनाभरात स्वप्नालीला सब्जाच्या बिया स्वप्नात दिसायला लागल्या असत्या, पण त्यासाठी झोप तर लागायला हवी!

शेवटी टेन्शन उतरवायला म्हणून अतुलनं तिला डिसेंबरात दोन दिवस पन्हाळ्याला नेलं. वाऱ्यानं माणसांचे दात वाजत होते, आणि ही बुरुजावर उभी राहून स्वेटर काढत होती.

"बघितलंस?" अतुल म्हणाला. "कारखान्याचं टेन्शन संगं घेऊन आलीयास."

"अवो, मला इथं कसलं टेन्शन असंल? मी मक्याचं कणीस खात होते."

"टेन्शन आत असतंय. ते कणसाला भीत न्हाई."

पन्हाळ्याहून उतरता उतरता घरचा ठराव पास झाला: मार्चअखेर नोकरी सोडायची. राजीनाम्याचा कागदही अतुलनंच छापून आणला. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द त्यानं ठळक करून घेतले होते, जणू ते दुकानाचं नाव असावं.

स्वप्नालीला काही कळेना. कदाचित घरचे बरोबरही असतील. काम होतंच डोक्यावर. महिनाअखेरीला माल ट्रकवर चढायच्या दिवशी तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची. पण चौदा वर्षांत तपासल्याशिवाय तिनं एका नटावर फुली मारली नव्हती, आणि आता बिनतपासता स्वतःवरच मारायची? म्हणून सही करायच्या आधी तिनं तिला येत होतं ते केलं. कपाटातून ब्रेकडाऊन स्लिपांचं कोरं पुस्तक काढलं.

ब्रेकडाऊन स्लिप म्हणजे बिघडलेल्या मशीनची तक्रार. त्यावर छापील रकाने असतात: तारीख, वेळ, किती मिनिटं, तापमान, कंप, आवाज, गळती, शेरा. दुसऱ्या कुठल्या बाईनं वही केली असती. हिला रकान्यांशिवाय सुचतच नव्हतं. तीन महिने तिनं प्रामाणिकपणे स्लिपा भरल्या. 'सकाळी १०.४०. चार मिनिटं. तापमान: अचानक वाढले, आपोआप उतरले. कंप: आहे. आवाज: धडधड.' गळतीच्या रकान्यात लिहिलं, 'अनियमित. आधी सतरा दिवसांनी, मग एक्केचाळीस दिवसांनी. या खेपेस प्रमाण फार.' शेऱ्यात, 'विनाकारण भडकते. नंतर रडते.' मशीन नंबरचा रकाना तेवढा लाजेनं कोरा ठेवला, आणि स्लिपा टेबलाच्या खणात.

आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचे ऑडिटर यायचं ठरलं.

ऑडिट आलं की फाउंड्रीत हंबीररावांचा संचार सुरू होतो. हंबीरराव म्हणजे मेंटेनन्सचे प्रमुख. अठ्ठावीस वर्षं नोकरी, मिशा त्याहून जुन्या. कारण सापडल्याशिवाय एकही स्लिप बंद केली नाही हा त्यांचा अभिमान. ऑडिटरला एकही उघडी स्लिप दिसता कामा नये म्हणून त्यांनी सगळ्या खात्यांचे खण स्वतः उपसले आणि त्या ढिगात स्वप्नालीच्या खणातल्या अडतीस स्लिपाही उचलून नेल्या; कुठली कुणाच्या खणातली हे मागाहून त्यांनाही सांगता आलं नसतं. ती त्या दिवशी रजेवर होती, आणि परत आल्यावर ऑडिटच्या गडबडीत तिनं खण उघडलाच नाही.

पुढचे चार दिवस फाउंड्रीनं जे पाहिलं ते कुणी विसरणार नाही. हंबीरराव स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून एकेका कॉम्प्रेसरची धडधड ऐकत फिरत होते. बरा चाललेला एक कॉम्प्रेसर त्यांनी खोलला, पुसला, परत जोडला. आता तो खरोखरच गळायला लागला. दुसऱ्याच्या पॅनेलला लिंबू-मिरची बांधली. जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच पुटपुटायचे, "भडकतंय ते समजू शकतो. पण रडतंय म्हंजे काय?"

शुक्रवारी सगळ्या खात्यांची मीटिंग होती. स्लिपांतून काहीच उलगडलं नाही म्हणून शेवटी सही केलेला राजीनामा स्वप्नालीच्या पर्समध्ये होता. मीटिंग संपली की मॅनेजर विजयसिंह साहेबांच्या हातात द्यायचा, आणि चौदा वर्षांना रामराम. तिनं डोळे कोरडे ठेवायचे ठरवलं होतं. तेवढ्यात हंबीररावांनी टेबलावर स्लिपांचा गठ्ठा आपटला, आणि तिनं आपलं अक्षर ओळखलं.

धग छातीतून निघाली ती थेट कानात.

"साहेब," हंबीरराव म्हणाले, "ह्या फाउंड्रीत एक मशीन हाय, ते कुणालाच गावंना. अडतीस वेळा तापलंय. मी समदी तपासली. आता लाइन दोन दिवस बंद ठेवून एकेक खोलायला लागंल."

"ऑडिटच्या तोंडावर लाइन बंद?" विजयसिंह साहेब ओरडले. "अवो, लोड जास्त झाला असंल. लोड कमी करा, विषय संपवा."

"तिथंच तर फसालंय सगळं!" हंबीरराव उठून उभेच राहिले. "मीबी आधी लोडच म्हणालो. पण तारखा बघा की. सोमवारी आपली सुट्टी. मेन स्विच बंद, कारखान्यात चिटपाखरू न्हाई. आणि हे मशीन सोमवारी दुपारी दोनदा तापलंय! संक्रांतीच्या सुट्टीत तीनदा. लोड न्हाई, लाइट न्हाई, तरी तापालंय. मग बिघाड लोडचा कसा? बिघाड आतला हाय."

वारा घेता घेता स्वप्नालीचा पुठ्ठा थांबला.

"म्हंजे लोडचा काहीच संबंध न्हाई?" साहेबांनी विचारलं.

"हाय की. महिनाअखेरीला माल चढवायच्या दिवशी जास्तच तापलंय. लोडनं वाढतंय, पण लोडनं सुरू झालेलं न्हाई. दोन येगळ्या गोष्टी हायत ह्या, साहेब. नुसता लोड काढला तर मशीन बंद पडून ऱ्हाईल, आणि बंद ऱ्हाऊनसुदिक तापंल!"

तीन महिने स्लिपा भरूनसुद्धा जे तिला दिसलं नव्हतं, ते या मिशाळ बाबानं उभ्या उभ्या सांगून टाकलं. सोमवारी ती घरी असायची. संक्रांतीला माहेरी, पायावर पाय टाकून. पन्हाळ्यावर तर कणीस खात होती. नोकरी सोडून काय होणार होतं? घरात बसून तापायचं.

"बरं, मग कराच लाइन बंद," साहेब नाइलाजानं म्हणाले.

"लाइन बंद करू नका," स्वप्नाली म्हणाली. "त्या स्लिपा माझ्या हाताच्या आहेत. ते मशीन कारखान्याचं नाही."

"मग कुणाचं?"

"माझ्या घरचं आहे. मी दाखवून घेते."

"घरी कसलं मशीन वापरालाय मॅडम, जे सतरा दिवसांनी गळ..." हंबीररावांचं वाक्य अर्ध्यावर लटकलं. त्यांनी हातातल्या स्लिपेकडं पाहिलं, मग स्वप्नालीकडं, मग छताकडं. मिशांच्या मुळापासून लाली चढत गेली. गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसा, तिच्यापुढं ठेवला.

"ह्या बंद करायचा अधिकार मला न्हाई," ते हळूच म्हणाले. "जाणकाराला दाखवा."

साहेबांना शेवटपर्यंत काही समजलं नाही. राजीनामा पर्समध्येच राहिला. स्वप्नालीनं अर्धा दिवस रजा टाकली आणि गठ्ठा घेऊन सरळ बायकांच्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टर श्रुती तिच्याहून लहान. तिनं पहिली स्लिप वाचली, चष्मा वर केला, दुसरी वाचली आणि टेबलावर डोकं टेकून हसली.

"बायका येतात आणि म्हणतात, 'कसंतरीच होतंय.' तुम्ही तर मिनिटं लिहून आणलीत!" मग मीटिंगची हकीकत ऐकून ती सावरून बसली. "मलाही तुमच्या त्या हंबीररावांसारखंच वाटतंय. ताणाची धडधड सुट्टीत थोडी तरी उतरते. ही उतरत नाही, आणि पाळीचं गणितही बिघडलंय. पाळी जायच्या आधी काही वर्षं शरीर असं चाचपडतं, आणि ते चाळिशीला, कुणाकुणाला त्याआधीही सुरू होतं. पण एवढ्यावर शिक्का मारायचा नाही. थायरॉइड बघू, रक्त कमी आहे का बघू, दिवस गेलेले नाहीत ना तेही बघू. हार्मोनचा आकडा आज एक तर पुढच्या महिन्यात दुसरा, त्या एकावर निकाल नको. आईची पाळी कधी गेली?"

ते स्वप्नालीला ठाऊक नव्हतं. तिनं तिथूनच आईला फोन लावला. बायडाबाईंचा आवाज स्पीकर न लावताच बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. "माझी? त्रेचाळिसाव्या वर्षी गेली की! त्याच्या आधी चार वर्सं नुसता वणवा. त्याच वर्साला मी तुझ्या बापावर दुधाची किटली फेकलेली. समदी म्हणाली कुणीतरी करणी केलीया. कोंबडं उतरवलं माझ्यावरनं. कोंबड्यानं काय गुण आला न्हाई, पर आता तुला कशाला पायजे हे?"

रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, दिवस गेलेले नाहीत, रक्त मात्र कमी. पाळीत जास्त जाण्याचं कारण सोनोग्राफीत तपासलं, धोक्याचं काही निघालं नाही. डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, धगीवर काय काय उपाय आहेत ते समोर मांडलं, आणि म्हणाली, "ताणही आहेच, तो कमी करा. पण नोकरी सोडून पाळी वेळेवर आलेली बाई मी अजून पाहिली नाही."

मग सोमवारी स्वप्नालीनं विजयसिंह साहेबांना फोन करून महिनाअखेरीच्या मालाची जबाबदारी तपासणीच्या खोलीतल्या एकीबरोबर वाटून मागितली. तशी वाटून मिळाली. लगेच ती शाहूपुरीत दुकानावर गेली.

अतुलचा चेहरा पडला. बायको नोकरी सोडणार हे त्यानं अर्ध्या शाहूपुरीला सांगून ठेवलं होतं. "आता लोकांना काय सांगू?"

"सांगा की, पाळी जायला लागलीय, त्याची सुरुवात हाय."

"हळू बोल गं! गिऱ्हाईक हाय." तो काउंटरखाली वाकला, जणू शब्द तिथं सांडला होता. "टेन्शन उतरलं म्हणून सांगतो."

"टेन्शन न्हवतंच नुसतं. मी सांगते." आणि ती तपासणीच्या खोलीत बोलते तशा खणखणीत आवाजात सगळं बोलली: धग, झोप, सतरा दिवस, एक्केचाळीस दिवस. काउंटरपुढं गुंडू नावाचं गिऱ्हाईक होल्डर घ्यायला उभं होतं. ते होल्डर हातात तसाच धरून ऐकत राहिलं.

"वहिनी," गुंडू जरा घुटमळून म्हणाला, "आमच्या घरातबी असंच चाललंय. हिला घाम फुटतोय, मधनंच भडकतीया. आम्ही टेन्शनच म्हणतोय."

"वय किती?"

"एकोणचाळीस."

"मग चाळिशीच्या आतच हाय. डॉक्टरला लवकर दाखवा. त्याआधी एवढंच बघून या, सुट्टीच्या दिवशी होतंय का?"

गुंडूनं डोकं खाजवलं. होल्डर उलटासुलटा करून पाहिला. खूप आठवून बघितलं.

"ते कसं सांगू?" तो म्हणाला. "तिला सुट्टीच न्हाई की."