यादीत नसलेला नारळ

नारळी पौर्णिमेला पनवेलच्या बाजारात सोनेरी कागद लावलेले नारळ दिसले की मला मित्राचा पहिला कंटेनर आठवतो. मित्र उरणच्या कोळ्यांचा. मसाल्याचा माल तो पहिल्यांदाच परदेशी पाठवत होता, आणि त्याचे कागद मी केले होते. गोदामासमोर मांडव घातला होता. पाहुण्या नेत्याने जागतिक व्यापारावर अर्धा तास घालवला आणि टाळ्यांच्या गजरात कंटेनरच्या दाराला सील लावलं. मिरचीच्या वासाने पुढची रांग शिंकत होती; नेत्याला ती दाद वाटली असावी. ट्रेलर निघणार एवढ्यात मित्राची आई सहज म्हणाली, "आत नारल ठेवलाय." मी यादी पाहिली. नारळ नव्हता. यादीबाहेरची वस्तू सापडली तर तिकडच्या बंदरात सगळा माल अडणार, आणि सील तोडलं तर नव्या सीलच्या नंबराचे नवे कागद होईपर्यंत जहाज निघून जाणार. "आये, कोनाला इचारलंस?" मित्र म्हणाला. "बिननारलाची होडी कोन सोडतो, बाला?" ड्रायव्हरने मला विचारलं, निघू की थांबू? मी दोन्ही सांगितलं. शेवटी मित्राने सील तोडून नारळ आईच्या हातात दिला, मी धावपळ करून नवे कागद केले आणि ट्रेलर न्हावा शेवा बंदराच्या गेटवर जेमतेम वेळेत पोचला. माल परदेशी सुखरूप उतरला. कागद चोख होते म्हणून, असं मी म्हणत होतो. पण आईने त्याच संध्याकाळी तो नारळ खाडीत सोडला होता, हे नंतर कळलं. माल कशामुळे पोचला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मित्राच्या कंटेनरचे कागद अजून मीच करतो, आणि दर वेळी त्याच्या आईला नारळही नेऊन देतो.