राखीव खेळाडूला दोन गोळ्या

साबणाच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षे खोकी तोलून बांधण्याचे काम करीत होती, आणि जवळजवळ तितकीच वर्षे कारखान्याच्या महिला व्हॉलीबॉल संघाची सेटर होती. म्हणजे जाळ्यापाशी उभे राहून स्मॅश मारणारीला चेंडू नेमका उचलून देणारी. सर्वांना कामाला लावण्याच्या सवयीमुळे मैत्रिणींनी तिचे नाव ‘मुकादम’ ठेवले होते.

त्या वर्षी संघाला एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. सामन्याच्या तासभर आधी चहा-कॉफीत असते त्या कॅफिनची गोळी घेतली की खेळाडू उशिरा थकते, असे त्यांचे मत होते. नियम सरळ होता : दर सामन्याआधी काट्यावर उभे राहायचे; वजन पन्नास किलोंपर्यंत असल्यास एक गोळी, त्यापुढे दोन. मुकादम सेहेचाळीस किलोंची, तिला एक. राखीव सेटर बावीस वर्षांची, थोराड बांध्याची, बासष्ट किलोंची, तिला दोन.

“बाकावर बसायला दोन लागतात का गं?” मुकादमने विचारले.

“मी कुठं मागितल्या, ताई? काटा म्हणेल ते,” ती पोरगी हसत म्हणाली.

मुकादमच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी नवऱ्याने समजूत घातली, “अगं, गोळी आहे ती, बढती नव्हे.”

“तुम्हाला नाही कळायचं. मला मागे सारायची तयारी चाललीय.”

अंतिम सामन्याच्या दिवशी तिने सरावात पायांना बांधायच्या वाळूच्या दोन पट्ट्या पोटाभोवती गुंडाळल्या, वर सैल जाकीट चढवले आणि लिटरभर पाणी पिऊन काट्यावर उभी राहिली. एकावन्न. जन्मभर वजने तपासणाऱ्या बाईने आयुष्यात प्रथमच काट्याला फसवले. डॉक्टरीणबाईंनी भुवई उंचावली, पण दोन गोळ्या दिल्या. पट्ट्या गुपचूप सोडून ती मैदानात उतरली.

पहिला डाव जेमतेम जिंकला. दुसऱ्यात तिची छाती धडधडू लागली, बोटे थरथरू लागली. चेंडू कधी जाळ्यात, कधी स्मॅशवालीच्या डोक्यावरून. तो डाव गेला. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली.

“खरं वजन किती?”

खरे सांगावे तर जागा जाणार. न सांगावे तर सामना. प्रशिक्षक घड्याळ पाहत होते.

“सेहेचाळीस,” ती शेवटी म्हणाली.

“आणि चहासुद्धा घेत नाही तुम्ही. बसा आता.”

तिच्या जागी अर्थातच ती पोरगी गेली. मुकादम बाकावरून तिची प्रत्येक चूक मनात टिपून घेत होती, आणि चुका थोड्याच होत्या, हेच तिला सोसवेना. शेवटच्या विश्रांतीत ती पोरगी धापा टाकीत तिच्याचकडे आली.

“ताई, डावीकडचा चेंडू सारखा लांब जातोय. काय चुकतंय?”

मुकादमला कारण केव्हाच दिसले होते. तिने पाण्याचा एक घोट घेतला, मग दुसरा. शिट्टी व्हायला आली.

“कोपर खाली पडतंय तुझं,” ती तुटकपणे म्हणाली. “जा.”

संघाने शेवटचा डाव दोन गुणांनी जिंकला, आणि सामनाही. सर्व जणी त्या पोरीला मिठ्या मारीत होत्या. कुणीतरी मुकादमला हाक मारली, “अगं, टाळ्या तरी वाजव.”

“हात थरथरतायत माझे,” ती म्हणाली, आणि ते हात तिने मांडीखाली दाबून ठेवले.