आत्याबाईंचा नेम आणि आमचा गीझर

गीझरचा दिवा लागलेला नाही हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी आत्याबाईंना सकाळची गोळी देऊन बसले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची ती साखरेची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि थोड्या वेळात काहीतरी खायचंच, नाहीतर साखर एकदम उतरते. मग हात कापतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं तुटक होतं. हा प्रकार मी याआधी पाहिला होता आणि पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. पण आत्याबाई आंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घशाखाली जाऊ देत नाहीत. गोळीपुरता घोट घेतात, तोही माझ्यावर उपकार म्हणून. गार पाणी डॉक्टरांनी बंद केलेलं, मागच्या हिवाळ्यात छाती भरली तेव्हापासून. म्हणजे आधी गरम पाणी, मग आंघोळ, मग भाकरी. रोज उठल्या उठल्या बटण दाबायचं, गोळी द्यायची आणि पाणी तापेपर्यंत भाकरी टाकायची, अशी माझी घडी बसलेली. त्या दिवशी बटण दाबून पाठोपाठ गोळी दिली आणि मोरीत डोकावले, तर दिवा बंद.

त्यांच्या नेमाशी माझं भांडण लग्न होऊन आले तेव्हापासूनचं. करमाडच्या पलीकडे मेंढरं राखणाऱ्या घरात त्यांचा जन्म. तरणेपणी मेंढरांमागे वणवण केली. रात्रीला मेंढरांचा वाडा बसेल तिथल्या ओढ्यात नाहीतर विहिरीवर अंग धुवायचं, कपाळाला भंडारा लावायचा, बिरोबाला हात जोडायचे आणि मग भाकरीचा तुकडा मोडायचा. पोटात कावळे कोकलत असले तरी आधी नाही. बाळंतपणं झाली, पोराचं लग्न झालं, मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडल्या, पण नेम मोडला नाही. दवाखान्यात मी ओल्या फडक्यानं अंग पुसून देईपर्यंत नाष्टा तसाच निवत पडायचा. एकदा मी वैतागून विचारलं, पोटापेक्षा नेम मोठा का हो? तर म्हणाल्या, "पोट काय, कुत्र्याला बी असतंय."

आमचे हे नुकतेच रात्रपाळी करून वाळूजहून आले होते. एक बूट काढलेला, एक पायातच.

"अहो, गीझर लागत नाही. मी गॅसवर पातेलं चढवते."

"कशाला? पाच मिनिटं थांब. बघतो."

त्यांची पाच मिनिटं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. त्याच पाच मिनिटांत आमच्या मोरीच्या नळाची गळती एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत पोचली होती. पण तेही दमलेले, मीही दमलेली, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकणं सोपं जातं. मी थांबले.

त्यांनी बटण चार वेळा खालीवर केलं. काही नाही. दाराजवळच्या पेटीतला खटका बघितला, तो पडलेला नव्हता. टेस्टर लावला तर पॉइंटमध्ये करंट होता. म्हणजे वीज भिंतीपर्यंत येत होती आणि गीझरच्या आत जायला तयार नव्हती. मग थर्मोस्टॅटची खालची चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि मला म्हणाले, "कान लाव. टक् वाजतंय का?"

मी थंडगार गीझरला कान लावून उभी राहिले. काहीच वाजलं नाही.

मी इलेक्ट्रिशियनला फोन केला. "शाम को आता ना ताई, अभी सिल्लोड में हूं," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

"पातेलं चढवू का?"

"आता उघडतोच आहे. मेन बंद कर."

मी मेन बंद केला. मग चालू केला. मग परत बंद केला. मधल्या फेऱ्यांत आत्याबाईंच्या खाटेशी जात होते. त्या शाल गुंडाळून, मोरीच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आत्याबाई, अर्धी भाकर खाता का? दुधात कुस्करून देते."

"आंगूळ?"

"होतंय पाणी."

"मग व्हऊ दे की."

खालचं झाकण निघालं तेव्हा आतून करपल्याचा वास आला. ह्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "कोरडा चाललाय हा. पाण्याविना."

मग दोघांनाही एकदमच उमगलं. आमच्या नळाला पाणी येतं ते स्वतःच्या मर्जीनं. परवा टाकी खडखडीत झाली होती. आणि आमच्या कॉलनीत टाकी संपली की माणसं गीझरही सोडत नाहीत. खालचा पाइप सैल करायचा आणि आतलं बादलीभर पाणी काढून भांडी घासून घ्यायची. दुसऱ्या कुठल्या शहरात गीझर पिळून भांडी घासत असतील असं मला वाटत नाही. परवा यांनी ते पाणी काढलं आणि मला सांगितलं नाही. काल सकाळी मी अर्धवट झोपेत सवयीनं बटण दाबलं. टाकी रिकामी असल्याचं नंतर आठवलं, म्हणून शेजारून बादली आणून पाणी गॅसवर तापवलं. पण बटण रात्रीपर्यंत चालूच राहिलं. रात्री नळ आला, टाकी भरली, गीझरही भरला, पण तोवर तो आतून तापून बसला होता.

"काढलंत तर सांगायचं नाही का?"

"तू बटण दाबताना बघायचं नाही का?"

"मीच बघायचं सगळं. गोळ्या बघायच्या, पाणी बघायचं, टाकी बघायची. मला कोण बघतंय?"

हे मी मोठ्यानं बोलले. ते परत गीझरकडे वळले. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो दोघांच्यातही नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चढवलं आणि मोरीत परत आले.

थर्मोस्टॅटशेजारी एक बारीक बटण वर आलेलं होतं. यांच्या कंपनीतल्या भट्टीला तसंच असतं म्हणे. फार तापलं की ते आपोआप उडतं आणि दाबल्याशिवाय वीज पुढे जात नाही. मी शेवटचा एकदा मेन बंद केला, यांनी बटण दाबलं, टक् वाजलं. झाकण बसवलं, मेन चालू केला आणि दिवा लागला. जायकवाडीचं पाणी एकट्यानं खांद्यावरून आणल्यासारखे हे माझ्याकडे बघून हसले. मलाही हसू आलं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"ए माय, आण काय आसंल ते खायाला. तुमचे हाल बघवंनात मला."

आम्ही दोघंही धावलो. एवढ्या थंडीत आत्याबाईंच्या कपाळावर घाम होता. मी आधी साखरेचं पाणी दिलं, मग दुधात भाकरी कुस्करली. त्या खाटेवर हळूहळू वळल्या, देव्हाऱ्याकडे पाठ केली आणि तोंड उघडलं. हात कापत होता, म्हणून मीच घास भरवले. कपाळावर भंडारा नव्हता. हे हातात पाना धरून दारात उभे होते आणि आईकडे बघत नव्हते.

या दिवसासाठी मी कितीदा मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. बघा, खाल्लं तर काय आभाळ कोसळलं का? असं म्हणायचं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मला भीती वाटली.

पाणी तापलं. दोन दोन ठिकाणी तापलं. "चला आत्याबाई," मी म्हणाले.

"आता कशाला? खाल्लं की मी."

"त्याला काय होतंय? अंग मोकळं होईल."

"उद्या बघू."

उद्यावर काही ढकललेलं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. टाकी बघितली, गीझर लावला, शिवाय गॅसवर पातेलंही ठेवलं. कशावरच भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. बादली भरली, पाटावर टॉवेल ठेवला, भंडाऱ्याची डबी हाताशी घेतली आणि खाटेशी गेले. गोळी अजून दिली नव्हती. आत्याबाई जाग्या होत्या, छताकडे बघत पडलेल्या.

"पाणी काढलंय. उठा, हात देते."

"च्या हाय का?" त्यांनी विचारलं.

"आधी आंघोळ," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच नवल वाटलं. "आत्याबाई, आधी आंघोळ, मग चहा."

त्यांनी माझा हात धरला, पण उठायला नाही. नुसता धरून ठेवला. "लई दमतीस तू माझ्यापायी," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे आता ते. च्या दे."

मी चहा दिला. त्या तो पिताना होणारा बशीचा आवाज ऐकत मी मोरीत गेले, दार लावून घेतलं आणि रडले. ते पाणी मग मीच अंगावर घेतलं. आमच्याकडे काढलेलं पाणी कुणी ओतून देत नाही.