इमानात गेला

आमच्या खाडीकाठच्या बोलीत विमानाला इमान म्हणतात. सीवूड्सच्या मॉलात फिरणाऱ्यांना हसू येतं, येऊ द्या. पण या एका शब्दानं करावे गावच्या गोजराचा जन्म खाल्ला, म्हणून तो आधी सांगितला.

मोठ्या लढाईच्या दिवसांत बॉम्ब टाकणारं एक अजस्र इमान पेटत आलं आणि ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतलं. आत आठ गोरे होते. एक बाहेर फेकला गेला, सात आत पट्ट्यांत अडकले. गोजराचा बाप नामदेव जवळच जाळं लावत होता. तो कोयता घेऊन पट्टे कापायला आत शिरला. होडीवरचे एकमेकांना ओरडून सांगत होते, नामा इमानात गेला. मग भरती आली आणि ते धूड माणसांसकट चिखलात गेलं. गोजरा तेव्हा आईच्या, रखमाच्या, पोटात होती.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर उतरणारं दुसरं इमान आलं आणि वाचलेल्या गोऱ्याला घेऊन गेलं. नामदेवची बहीण उरणला दिलेली. ती धावत आली तेव्हा तिच्या कानावर एवढंच पडलं, नामा इमानात गेला. तिनं त्याचा अर्थ आपल्याला सोसेल तसा लावला. भाऊ गोऱ्यांबरोबर विलायतेला गेला म्हणाली. मेलेल्या भावापेक्षा पळालेला बरा. गावानंही ती गोष्ट चवीनं चघळली; होडीवरच्यांचं कुणी ऐकलं नाही.

रखमाजवळ जाळायला काही नव्हतं, म्हणून तिनं बांगड्या फोडल्या नाहीत. तिला हळदीला बोलवावं की नाही ते बायकांना कळेना, म्हणून कुणी बोलावलंच नाही. गोजराला पोरं ‘विलायतवाल्याची’ म्हणून हाका मारत. त्याच चिखलात चिंबोऱ्या धरून, बेलापूरच्या बाजारात विकून ती म्हातारी झाली. मुलाच्या, रूपेशच्या, लग्नात गोजराच्या आतेबहिणीनं, उरणच्या आत्याच्या जाईबाईनं, भर मांडवात विचारलं, “आजोबा विलायतेतनं आहेर घेऊन नाय आला?” तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

औंदा खाडीत जेटीचं काम निघालं आणि पोकलेनच्या दातांना पत्रा लागला. मग हाडं निघाली. साहेबाच्या देशातून माणसं आली, त्यांच्याबरोबर प्रसाद नावाचा इथलाच एक अधिकारी. सात माणसांच्या मांडीची हाडं चौदा व्हावीत, ती पंधरा निघाली.

गोजरा रोज जाऊन हाडं ठेवलेल्या तंबूबाहेर बसायला लागली. “माझा बापूस द्या. मना त्याला गावच्या मसनात जालायचाय.”

प्रसाद भला माणूस. तो म्हणाला, “आजी, सगळी हाडं मिसळलीत. शुक्रवारी पेट्या तिकडं जाणार, तपासणी तिकडंच. ज्याची ओळख पटणार नाही त्याला सैनिकांच्या कबरस्तानात पुरतील, बिननावाचा.”

“मंग माझी थुकी घ्या. टीवीवर दावतात ना.”

“तुमची चालत नाही. इतक्या जुन्या हाडात आईकडून आलेलीच खूण टिकते. ती मुलगा पुढं देत नाही, मुलगी देते. तुमच्या बापाच्या बहिणीची मुलगी असेल तर तिची चालेल, पण ती पेट्यांबरोबरच जायला हवी.”

म्हणजे जाईबाई.

गुरुवारी सकाळी रूपेश आईला घेऊन उरणला गेला. जाईबाई ओट्यावर पान चघळत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. तिनं वर पाहिलं.

“कोन मेला?”

“मेल्याचाच काम हाय,” गोजरा म्हणाली. “तुझ्या मामाचा.”

रूपेशनं प्रसादनं दिलेली नळी पुढं केली. “मावशी, तोंड धुवून ह्यात थुकायचं. दुसरं काय नाय.”

जाईबाई हसली. “एवढ्या वर्सांनी दारात आलीस गोजरे, ती माझी थुकी मागाया.”

“पाया परते तुझ्या, जाये. उद्या पेट्या चालल्या. बापूस गोऱ्यांच्या मसनात जाईल.”

“माझी आय दर नारली पुनवेला भावाच्या नावाचा नारल पान्यात सोरायची. तिकरं जिता हाय बोलायची. आता मी थुकले नि तो तुमच्या चिखलात निघला, मंग माझी आय कोन ठरली? खोटारडी. वयनीला जलमभर रडवनारी.”

“तुझी आय चुकली. खोटी नव्हती.”

“लोकांना सांग जा.”

“माझी आय बांगड्या घालून मेली,” गोजरा म्हणाली. “हिरव्या लुगड्यात जालली तिला. तिरडी उचलनारे पन हसत व्हते, जाये. मी बगत व्हते.”

जाईबाईचा हात सोड्यांत थांबला. क्षणभर वाटलं, वळेल. पण ती सूप उचलून उभी राहिली.

“मामा विलायतेला गेला,” म्हणाली, आणि ओट्याखाली, गोजराच्या पायाशी पचकन थुंकून आत गेली. कडी लागली.

गोजरा मटकन खाली बसली. रूपेशच्या हातातली नळी घेऊन तिनं झाकण काढलं आणि नळीच्या तोंडानं ती लाल थुंकी मातीवरून ओढायला लागली.

“आये, उठ. ती चालत नाय. माती हाय त्यात, पान हाय. नि तिनं आपल्या मर्जीनं द्याया लागते.”

“त्याची हाडं चिखलातनं निघाली ती चालली. ही कशी नाय चालत?”

“आये, लोक बगतात.”

“बगूदे.”

समोरच्या घरातली एक बाई दारात येऊन उभी राहिली होती. रूपेश आईच्या काखेत हात घालून तिला उठवायला लागला, पण तिनं अंग जड केलं. निम्मं मातीनं पिऊन टाकलं होतं. उरलेलं ती नखानं खरवडत राहिली.