व्याही उभे राहिले ती लाट

साऱ्या खानदेशात मूर्खपणाची शर्यत लावली, तर आमचे सावद्याचे व्याही पहिले येतील आणि बक्षीस घ्यायला फळीवर पालथे पडून येतील. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, घरापासून समुद्र दीड दिवसाच्या वाटेवर. आणि नाद कसला, तर लाँगबोर्ड सर्फिंगचा! एकदा लेक-जावयाबरोबर कोकणात गेले, तिथं लांबलचक फळीवर उभी राहून लाटेबरोबर काठाला येणारी माणसं पाहिली, स्वतःही एकदा पोटावर पडून काठाला आले, आणि केळीच्या बागेत जन्म काढलेला हा माणूस बिघडला तो बिघडलाच.

मला तरी हसायचा काय अधिकार म्हणा! लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मी छत्री उघडून घोट्याभर पाण्यात उभी राहिले होते. लाट परतताना पायाखालची वाळू सरकली, तर "अहो, मला ओढतोय!" म्हणून अशी किंचाळले की हातातलं जाळं टाकून एक कोळी धावत आला. धुळ्याच्या माहेरची अक्कल ती! पण मी निदान तिथंच थांबले.

आबा, म्हणजे आमचे हे व्याही, थांबले नाहीत. नऊ फुटी फळी विकत आणली. केळीच्या घडांना गाडीत डाग लागू नये म्हणून पानं अंथरतात, तशी पानांत गुंडाळून ठेवली. बायकोला कधी एवढं जपलं नसेल. मग शेततळ्यात सराव. तळ्याला लाटा कुठल्या? म्हणून एक दिवस म्हैस आत सोडली. म्हशीनं लाट एकच केली, मग संध्याकाळपर्यंत डुंबत बसली आणि निघताना खुरांनी तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाडून गेली. दोन दिवसांत तळं जमिनीत मुरलं.

"म्हशीले तरी पोहता येते," त्यांच्या बायकोनं मला, तिच्या विहिणीला, फोनवर सांगितलं. "यायले काय येते, ते तुम्हीच इचारा ईनबाई!"

विचारलं. आबा म्हणाले, "जलमभर मी पाण्याले वाट काढून दिली, ईनबाई. पाण्यानं मले उचलून नेलं, ते तिथं समुद्रातच."

गुडघ्यांतली कळ डोक्यात गेली की माणूस असलं बोलतो.

दिवाळीनंतर गुडघे बदलायचे ठरले. डॉक्टरांनी बजावलं, पुढं फळी बंद. त्याआधी एकदा, फक्त एकदा, उभं राहायचं म्हणून आबा माझ्या सुनेला, म्हणजे त्यांच्या लेकीला, आणि मला घेऊन कोकणात गेले. दोन दिवस नुसते पडत होते. पोटावर झोपून यायचे, गुडघा टेकायचे, की धप्प! शेवटच्या सकाळी मी सुनेला तिच्या वडलांची नक्कल करून दाखवत होते. ती हसून हसून डोळे पुसत होती. तेवढ्यात मागून आरोळी आली. आम्ही वळलो तोवर आबा पाण्यात बसले होते, चेहरा नुकत्याच न्हायलेल्या लेकरासारखा.

"पाह्यलं का, ईनबाई? उभा राह्यलो मी!"

सून माझ्या तोंडाकडे बघू लागली. तिनंही पाहिलं नव्हतं.

"पाहिलं तर," मी म्हटलं. "कमरेत जरा वाकला होतात."

आता गुडघे नवे आहेत आणि समुद्र बंद आहे. मी सावद्याला गेले की चहा उकळायच्या आत आबा म्हणतात, "सांगा ना, कसा दिसत होतो?" मी सांगते. कमरेतला वाक मी केव्हाच काढून टाकलाय. परवा तर लाट पुरुषभर उंच केली. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"इतकी मोठी नव्हती, ईनबाई," ते हळूच म्हणाले. "पन सांगा तुम्ही."