उकळूनही न मरणारं एन्झाइम

डॉ. सुवर्णा भोये पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर वाढल्या. मोड आलेल्या नागलीवर, म्हणजे नाचणीवर, त्यांनी पीएच.डी. केली म्हटल्यावर कुणी ना कुणी विचारतंच, लहानपणापासून कुतूहल होतं का? "नाही," त्या सांगतात, "लहानपणी नागली फक्त खायची होती."

दाण्याला मोड आला की त्यातलं एन्झाइम पिठाची साखर करू लागतं. एन्झाइम हे प्रथिन. जास्त तापवलं की निकामी होतं. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की निळा रंग येतो, आणि एन्झाइमनं पीठ संपवलं की तो उडतो. सुवर्णाबाईंच्या परीक्षानळीत मोड आलेल्या नागलीच्या उकळलेल्या अर्कानंही तो उडत होता. उकळूनही न मरणारं एन्झाइम! शोधनिबंध गाजला. त्यांना नाशिकमधल्या एका विद्यापीठात नोकरी लागली आणि त्यांचे मार्गदर्शक किशोर देवरे सर यांना त्याच कामावर पुरस्कार मिळाला.

सात वर्षांनी मनाली ही सुवर्णाबाईंची विद्यार्थिनी एक परीक्षानळी घेऊन आली. तिनं तोच अर्क प्रेशर कुकरसारख्या यंत्रात तासभर शिजवला होता.

"मॅडम, रंग तरीही गेला. एवढ्यात कुठलं प्रथिन टिकेल?"

सुवर्णाबाईंनी त्या आठवड्यात सगळे प्रयोग स्वतः पुन्हा केले. या वेळी रंगावर न थांबता तयार झालेली साखर मोजली. साखर नव्हतीच. नागलीच्या तांबड्या सालीतलं एक द्रव्य आयोडीनच संपवून टाकत होतं. ते एन्झाइम कधी अस्तित्वातच नव्हतं.

त्या देवरे सरांच्या घरी गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पुढच्या पेपरात एखादी ओळ टाकून दे," ते म्हणाले. "मागे घेऊ नकोस. लोक काय बोलतील माहीत आहे ना? राखीव जागेवरची होती, जमलं नाही."

"ते पेपर छापला तेव्हाही बोलत होते, सर. मी आता गप्प बसले तर ते खरं ठरेल."

सहलेखक असलेल्या सरांनी निबंध मागे घेण्याच्या पत्रावर सही केली नाही. सुवर्णाबाईंनी एकटीच्या सहीनं ते पाठवलं. काही महिन्यांनी नियतकालिकानं निबंध रद्द केला आणि खाली नोंद टाकली, की एका लेखकाला हे मान्य नाही.

गावाहून वडिलांचा, मंगळूबाबांचा, फोन आला. "मागं घेतलं म्हंजे पदवी जाती का?"

"नाय जात, बा."

"मंग झालं."

पण एवढ्यावर भागलं नाही. त्यांची प्रयोगशाळा दुसऱ्याला दिली गेली आणि त्यांना मोडक्या बाकांची खोली मिळाली. त्यांनी बाक एका भिंतीला रचले आणि दारावर कागद चिकटवला : एन्झाइम प्रयोगशाळा. शिपाई संतोषनं वरून आलेल्या हुकमानं तो काढला. त्यांनी दुसरा लावला, तोही गेला. मग त्यांनी रंगाचा डबा आणून दारावर थेट अक्षरं रंगवली. संतोषनं ओल्या अक्षरांकडे पाहिलं. "आता मला दार काढायला सांगतील," तो म्हणाला आणि हसत निघून गेला.

त्याच खोलीत मनालीनं आणि त्यांनी तांबड्या धान्यांवर ही आयोडीनची चाचणी कशी फसवते, ते सविस्तर मांडलं. हा निबंध गाजला नाही. पण दोन ठिकाणच्या संशोधकांनी आपले जुने आकडे तपासून दुरुस्त केले आणि तसं त्यांना कळवलं.

बढतीची फाइल तीन वर्षं अडकली. माहितीच्या अधिकारात चार अर्ज केल्यावर मागच्या वर्षी मुलाखतीचं पत्र आलं. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुमचा एक पेपर मागे घेतला गेला होता ना?"

"घेतला गेला नाही," सुवर्णाबाई म्हणाल्या. "मी घेतला. तुमच्यापैकी कुणी स्वतःचा घेतलाय?"

बढती मिळाली, तीही एका विरोधी मतासह. जुनी प्रयोगशाळा परत देऊ केली तेव्हा त्यांनी नकार दिला नाही. दोन्ही खोल्या ठेवल्या.